रोझमेरी लावायला आलेले विश्वंभरराव

दुपारचं जेवण उरकून वसुमती देवस्थळी पलंगावर आडवी होते. पंख्याची घरघर लांब जाते, डोळे मिटू लागतात, आणि खिडकीबाहेर कुणीतरी खाकरतं. नवऱ्याचं खाकरणं ती झोपेतही ओळखते. विश्वंभररावांना जाऊन आठ महिने झालेत, तरी ते बागेतल्या खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले आहेत.

"आलात?" ती म्हणते. "तिकडेही कुणी ऐकून घेईना वाटतं."

साताऱ्याच्या एका वर्तमानपत्रात दर रविवारी त्यांचं बागकामाचं सदर यायचं. फोटो वसुमतीच्या बागेचे, झाडं तिनं वाढवलेली, माहितीही तिनंच सांगितलेली. तिचं नाव मात्र एकदाही छापलं गेलं नाही. सत्काराच्या शाली तेवढ्या तिनं घड्या घालून कपाटात ठेवल्या.

"रोझमेरीचं रोप कुंडीतून काढून जमिनीत कसं लावायचं गं?" ते खाली बघत विचारतात.

"तीन रविवार लिहिलं होतंत की त्यावर."

"तुला विचारून लिहिलं होतं. आता काही आठवत नाही. तिकडे सगळ्यांना सांगून बसलोय, मला येतं म्हणून. उद्या लावून दाखवायचंय."

"मेलात तरी फुशारकी सुटली नाही तुमची."

बाग आता सभागृह झाली आहे. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, माइकला घातलेला हार, टेबलावर रोझमेरीची कुंडी. नेहमी शेवटच्या रांगेत बसणारी वसुमती व्यासपीठावर आहे आणि विश्वंभरराव खाली उभे आहेत.

"वर या. कुंडी आडवी करा. खोड कसलं ओढताय, मुळा आहे का तो उपटायला? बाजूनं थोपटा. हं, असा मुळांचा गड्डा अख्खा निघतो. आता मातीत वाळू मिसळा. अजून. पाणी साचलं की मुळं कुजतात."

ते लगेच झारी उचलतात.

"ठेवा ती. तुमच्या पाण्यापायी माझी दोन रोपं गेली, आणि तुम्ही छापलंत काय, तर पत्नीच्या निष्काळजीपणामुळे."

ते झारी खाली ठेवतात. टेबल आता स्वयंपाकघरातला ओटा आहे आणि ओट्यातच खड्डा खणलेला आहे.

"ते मी लिहायला नको होतं," ते म्हणतात.

"नकोच होतं."

ती त्यांची समजूत काढत नाही. गड्डा खड्ड्यात बसवते आणि माती कशी दाबायची ते दाखवू लागते. विश्वंभररावांना जमत नाही. मातीनं भरलेल्या हातानं ते तिचं मनगट धरतात आणि तिच्या हाताबरोबर आपला हात फिरवत राहतात.

"उद्या तिकडे माझं नाव सांगाल?"

"सांगेन."

"खोटं बोलताय."

ते जरा विचार करतात. "बहुतेक नाही सांगणार."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलला हा माणूस, असं तिच्या मनात येतं आणि ती हसते. हसतानाच जाग येते.

खोलीत कुणी नाही. चार वाजलेत. तिच्या मनगटावर ओलसर मातीचे चार पट्टे आहेत, तिच्या बोटांपेक्षा जाड. ती खिडकीच्या उजेडात हात धरते, थोडी माती चिमटीत घेऊन चुरते. वाळू भरपूर, ओल बेताची.

"मिश्रण तरी जमलं म्हणायचं," ती म्हणते आणि हात धुवायला उठते. नळापाशी जाते, पण नळ सोडत नाही.