चूळ

खिरीच्या पातेल्याचं झाकण कुणी उघडलंच नाही.

मी बारा वर्षांची होते. भातकाढणी आटपली की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रीतिभोजन असायचं. उपासना संपली की प्रत्येक घरानं आणलेलं एका लांब टेबलावर मांडायचं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खायचं. पिरंगुटच्या पुढं, रस्त्यापासून थोडं आत, एका पत्र्याच्या शेडात आमची मंडळी भरायची. जागा एल्डरसाहेबांची. एल्डर म्हणजे मंडळीचे कारभारी. पुण्यातलं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घराणं, मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेले, मुठा गावात बंगला. त्यांच्या बायकोला सगळे मॅडम म्हणायचे. बाकीची मंडळी सूसच्या सोसायट्यांतली नोकरदार माणसं आणि आमच्यासारखी चार-पाच घरं.

माझी आई लवळ्याला हॉस्टेलचे संडास धुवायची. अजून धुते. आम्ही मांगवाड्यातले. हे मॅडमना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आडनावावरून ओळखलं, आणि आईच्या कामावरून खात्री करून घेतली.

त्या वर्षी आई सुट्टीच्या दिवशी मुठ्याला भात झोडायला गेली होती. मजुरीच्या बदल्यात तिनं आंबेमोहोर मागून घेतला. त्याची खीर केली. सगळ्या चाळीला वास गेला. डोक्यावर पातेलं घेऊन ती उपासनेला आली, आणि टेबलाजवळ गेली तशी मॅडमनी बोट खाली दाखवलं.

"तिथं खाली ठेव, सखू."

खाली म्हणजे टेबलाखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी. वर पुलाव होता, चिकन होतं, बेकरीचा केक होता. जागा भरपूर होती. लोक ताटं घेऊन पुढं सरकत गेले. मी पूर्ण वेळ त्या झाकणाकडं बघत होते. जेवणं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझं पातेलं घेऊन जा. पोरीला होईल."

"बरं मॅडम," आई म्हणाली.

नंतर साक्षी झाल्या. साक्ष म्हणजे सगळ्यांपुढं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आई उठली. भरलेलं पातेलं तिच्या पायाशी होतं. म्हणाली, "देव विश्वासू हाय. त्यानं आमाला काय कमी पडू दिलं न्हाई."

सगळ्यात मोठ्यानं आमेन मॅडम म्हणाल्या. ते आमेन माझ्या डोक्यात गेलं. वीस वर्षं झाली, अजून तिथंच आहे.

घरी जाताना आई रस्त्याच्या कडेला बसली. झाकण काढलं. "खा," म्हणाली.

"मला न्हाई खायची."

"देवापुढं ठेवलेली हाय. त्यानं बघितली. आता खा."

मी खाल्ली. खीर फार चांगली झाली होती. त्याचाच जास्त राग आला.

कुणाला वाटेल, आईला त्या लोकांनी देव दिला म्हणून ती ऐकून घेत होती. तसं नव्हतं. मी चार वर्षांची असताना मला मेंदूज्वर झाला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. बाप दारूच्या दुकानात होता. एक नर्स रोज ड्यूटी संपल्यावर आईजवळ बसायची आणि प्रार्थना करायची. आई त्या देवाला म्हणाली, पोरगी राहिली तर मी तुझी. मी राहिले. आईनं शब्द पाळला. देवाचं आणि तिचं ठरलं ते असं, सरळ. मध्ये एल्डर नव्हता, मॅडम नव्हत्या.

पण शब्द पाळायचा म्हणजे काय, हे तिनं अंगावर झेललं. बापानं आम्हाला घराबाहेर काढलं. वाड्यातल्यांनी लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं, आम्ही धर्म बुडवला म्हणून आमच्याच माणसांनी बोलणं टाकलं. मग आम्ही ज्यांच्याकडं गेलो ते म्हणाले, या, बसा, पण तिकडं मागं बसा. आई मागं बसली. दर रविवारी. पावसात, तापात, पायाला गोळे येईपर्यंत चालून.

सतराव्या वर्षी मी जायचं बंद केलं. आई एकटी जायची. मी लवळ्यालाच हॉस्टेलच्या मेसमध्ये कामाला लागले. मेस म्हणजे रोज चारशे पोळ्या. मोठमोठ्या घरची पोरं माझ्या हातच्या पोळ्या मागून घेतात, आडनाव कुणी विचारत नाही. देवाला मी सहा वर्षं शिव्या दिल्या. तोंडानं नाही, मनात. पहाटे कणीक मळताना एकदा लक्षात आलं, की मी रोज कुणाशी तरी भांडते आहे. नसलेल्या माणसाशी कुणी सहा वर्षं भांडत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि तो गेला नव्हता. माझा बाप गेला, वाडा गेला, मैत्रिणी गेल्या. हा गेला नाही. मग मी परत मंडळीत गेले. त्याच्यासाठी गेले. आईशेजारी मागं बसायला लागले.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

आमच्याकडं महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याला बिनखमिराची भाकर लागते. ती घरीच लाटून भाजतात. पास्टर ती मोडून तुकडे देतात, सगळे डोळे मिटून घेतात. प्रभूचं शरीर म्हणून घ्यायची ती. ही भाकर कायम मॅडमच्या घरून यायची. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण दुसऱ्या घरून भाकर आलेली कुणी पाहिली नव्हती.

मॅडमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गॅससमोर उभं राहू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. पास्टर नवीन होते, नगरकडचे, तरुण. त्यांनी मला फोन केला. "ताई, तुम्ही रोज एवढ्या पोळ्या करता. या रविवारची भाकर तुम्ही कराल का?"

माणूस साधा होता. चांगल्या स्वयंपाकिणीला सांगितलं, एवढंच त्याच्या डोक्यात. आमच्या मंडळीत कोण कुणाच्या हातचं खात नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? तोंडानं ते कुणी कबूलच करत नव्हतं.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी लाटते. तू भाज."

शनिवारी दुपारी तिनं डोक्यावरून आंघोळ केली. धुतलेलं लुगडं नेसली. डोक्यावर पदर घेतला. परात तीनदा घासली. कणीक मळताना ओठ हलत होते. मध्येच थांबून ती रडली, दंडाला डोळे पुसले आणि पुन्हा हात धुतले. मला म्हणाली, "सत्तावीस वर्सं त्येच्या दारात हाय मी. आज त्यानं मला सैपाकघरात घेतलं."

आई भक्तीत होती. मी नव्हते. खोटं कशाला बोलू? भाकर भाजताना मला जो आनंद होत होता तो सुडाचा होता. मी तव्यावर मॅडमचं तोंड बघत होते.

रविवारी सगळ्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले. एल्डरसाहेबांनी घेतली. मॅडमनी काळा चष्मा लावला होता. मान खाली, दोन्ही हात पुढं. तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. मी तेवढं पूर्ण बघितलं आणि माझ्या छातीतला एक दगड हलला.

भाकर आईनं लाटली, हे मी पास्टरांना सकाळी सांगितलं होतं. शेवटी त्यांनी सूचना वाचल्या. मग म्हणाले, "आजची भाकर आपल्या सखूबाईंनी प्रेमानं बनवली. त्यांचे आभार मानू या."

टाळी वाजली नाही. मॅडम उठल्या. सुनेचा हात धरून बाहेर गेल्या. शेडाला लागून नळ आहे. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. नळ सुटला. मॅडमनी चूळ भरली. थुंकल्या. परत भरली. परत थुंकल्या. तिसऱ्यांदा घशात पाणी खळखळवलं.

आत चाळीस माणसं होती. चाळिसांनी ऐकलं. एकानंही मान वर केली नाही. आई आपल्या हातांकडं बघत होती. तिनं हात उलटे केले, सुलटे केले, आणि पदराखाली घेतले.

उपासनेनंतर एल्डरसाहेब पास्टरांना म्हणाले, "आधी विचारायला हवं होतं."

"काय विचारायचं होतं?" पास्टरांना खरंच कळलं नव्हतं.

"आमच्यात जातपात नाही. कधीच नव्हती. पण ती बाई काम काय करते, ते तुम्ही बघितलंत का? स्वच्छतेचा भाग असतो."

मी दोन पावलांवर उभी होते. आईही. त्या दिवशी नाही बोलले, याची मला अजून लाज वाटते.

गुरुवारी पास्टर आमच्या खोलीवर आले. तोंड उतरलेलं. चहा घेतला, कप हातातच धरून बसले. म्हणाले, "जागा त्यांची आहे, ताई. मंडळी टिकायला हवी. रविवारी साक्षीच्या वेळी सखूबाईंनी उभं राहावं आणि म्हणावं, न विचारता केलं, कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. मग विषय मिटेल. देव विश्वासू आहे. तो बघेल पुढचं."

आई लगेच म्हणाली, "मागते की क्षमा. माजं काय जातंय?"

"तू उठायचं न्हाई," मी म्हणाले.

"सूड देवाचा असतो. तू मदी पडू नगं."

"मी मदी पडत न्हाई. मी त्याला आठवण करून देतेय."

पास्टर कप ठेवून गेले.

त्या तीन रात्री मला झोप आली नाही. मी देवाला स्पष्ट विचारलं. तू विश्वासू आहेस, हे वाक्य प्रत्येक जण आमच्याच तोंडावर का मारतो? खीर परत नेताना आम्ही म्हणायचं. मागं बसताना आम्ही म्हणायचं. आता थुंकल्यावरही आम्हीच म्हणायचं? मग तू विश्वासू कुणाशी आहेस? त्यांच्या सातबाऱ्याशी? आईचं कणीक मळतानाचं तोंड सारखं डोळ्यांपुढं येत राहिलं. देवानं तिला स्वयंपाकघरात घेतलं होतं. तिथून तिला हाकलणारी ती बाई कोण? रविवारी काय बोलायचं ते मला मिळालं.

रविवारी साक्षीची वेळ झाली. एल्डरसाहेबांनी मागं वळून आईकडं बघितलं. आई उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला बसवलं आणि मी उठले. मागच्या बाकावरून बोलले नाही. चालत पुढं गेले.

मी म्हणाले, "माजी साक्ष अशी हाय. मी चार वर्सांची असताना मरायला टेकले हुते, देवानं उठवलं. बापानं हाकललं, देव संगं आला. वाड्यानं टाकलं, देवानं टाकलं न्हाई. देव विश्वासू हाय, हे मला माज्या आईनं शिकवलं. तुमी न्हाई. गेल्या रविवारी तिनं भाकर लाटली. प्रभूच्या नावानं ती मोडली. मॅडम, तुमी ती खाऊन थुकलात. आता मंडळीला सांगा, तुमी थुकलं कुणाला?"

एल्डरसाहेब उभे राहिले. "बसा खाली. ही साक्ष नाही."

"हीच हाय. आजवर झाल्या त्या न्हवत्या."

"कुणाच्या जागेत उभी आहेस, माहीत आहे का?"

"तेच विचारतेय मी बी."

मॅडम रडायला लागल्या. लगेच चार बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. पाणी आणलं, पाठ चोळली. माझ्या आईभोवती कुणी गोळा झालं नव्हतं, हे मी तिथंच नोंदवून ठेवलं. मला त्यांच्या रडण्याची दया आली नाही. यायला हवी होती का? पास्टर म्हणतात, हवी होती. मला आली नाही.

पुढच्या रविवारी शेडाच्या फाटकाला कुलूप होतं. सूसची माणसं गाडीतूनच बघून वळली आणि बाणेरच्या मोठ्या चर्चला गेली. पास्टरांना दुसरीकडं पाठवलं. जाताना त्यांनी फोन केला. "क्षमा करा, ताई. त्यातच शांती आहे." मी विचारलं, "कुणाची शांती?" त्यांनी फोन ठेवला. आई दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. तिला वाटलं, तिची मंडळी मी मोडली. तसं असेल तर असेल. जिथं तिचे हात पदराखाली जातात ती मंडळी मोडलेलीच बरी.

आता आम्ही चार घरं आमच्या खोलीत जमतो. दर महिन्याला भाकर आई लाटते. मॅडमचे निरोप येतात. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणतात, ख्रिस्ती माणसाला मनात राग ठेवणं शोभत नाही. फाटक उघडतो, म्हणतात, पण भाकर आमच्याकडून येईल.

मी निरोप उलटा पाठवला आहे. क्षमा हवी असेल तर मॅडम आणि एल्डरसाहेब दोघांनी लवळ्याला आमच्या खोलीवर यावं. खाली बसावं. माझ्या आईला सखूबाई म्हणावं. तिच्या हातून भाकर घ्यावी, आमच्यासमोर चावावी, गिळावी आणि नळाकडं न बघता घरी जावं.

तोवर मी क्षमा करणार नाही. देवालाही मी सांगून ठेवलं आहे, तू आईशी विश्वासू असशील तर तूही करू नकोस.