रिकाम्या हातांची कुसुमताई

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅज्युअल्टीत ड्रेसिंगची ट्रॉली लावत होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा, कोंढ्याहून, तिच्या गावाहून. "ताई गेली..." एवढंच बोलला. मी ट्रॉली पूर्ण लावली आणि मगच रडले. तिच्या हाताखाली शिकलेली मी, दुसरं काय करणार!

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्यानंतर मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले. कुसुमताई इन्चार्ज सिस्टर. जबर बाई! मोठा अपघात झाला की जखमींची रीघ लागते आणि सगळेच सगळीकडे धावत सुटतात, याचा तिला भयंकर राग. एका दुपारी तिनं आम्हाला व्हरांड्यात उभं केलं. वॉर्डबॉय खोटे जखमी होऊन ओळीनं लोळले, हौसेनं कण्हायलाही लागले. "आता पंगत वाढाची," ती म्हणाली. कोंढ्याच्या लग्नांत ती लहानपणापासून वाढत आलेली, पुढं मांडवाच्या तोंडाशी उभी राहून पंगत सांभाळणारी. "मीठवाल्यानं मीठच वाढावं. दुसऱ्याचं वरन सांडलं तरी तिकडं पाहाचं नाही." म्हणजे एकीनं फक्त सलाईन लावायचं, दुसरीनं फक्त रक्त थांबवायचं, आणि आपलं काम सोडायचं नाही. नवे सर्जन हसले. "सिस्टर, दवाखाना आहे की लग्न?"

"साहेब, लग्नात कोनी उपाशी उठते का? तुमी भाजीवाले. चला, लागा!" आणि साहेब खरंच लागले.

तिच्या स्वतःच्या हातात मात्र काहीच नसायचं. ती दाराशी उभी. आधी कुणाला आत घ्यायचं, कुणी थांबायचं, ते ती ठरवणार. मी एकदा विचारलं, "ताई, तुमी काहून काही घेत नाही?" "हातात काही असलं का नजर खाली जाते, पोरी."

मग एका उन्हाळ्यात पवनी रस्त्यावर वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली. ऑटोत, जीपमध्ये, मिळेल त्यात घालून माणसं आणली. एका ऑटोतून तिचा हाच भाऊ उतरला, डोकं फुटलेलं, शर्ट लाल. "ताई!" त्यानं हाक मारली... त्याच्यामागे एक बाई होती, तिचा आवाजच निघत नव्हता. ताईनं भावाकडं पाहिलं. "बोलून राहिला ना? मंग बस तिथं." आणि बाईला आत घेतलं. दार तिनं सोडलं नाही. ती बाई वाचली. शेवटचा जखमी आत गेल्यावर ताई भावाजवळ जाऊन बसली, तर त्यानं तोंड फिरवलं. पुढं कित्येक वर्षं तो तिच्या घरी आला नाही. आजारपणात आला, पण त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही. तिला ते फार लागायचं. तरी 'माझं चुकलं' असं ती कधी म्हणाली नाही, आणि मला तिचा याच गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान आहे.

परवा कोंढ्याला तिच्या पुण्यानुमोदनाचं, म्हणजे तिच्या स्मरणाचं, जेवण होतं. आमचा अख्खा स्टाफ गेला. पंगत बसली आणि कुणी न सांगता जो तो एकेक भांडं उचलून ओळीला लागला. सर्जनसाहेब आता रिटायर झालेत, तेही भाजी घेऊन. मी वरणाच्या बादलीला हात घातला, तर भावानं ती माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिली. त्याच्या कपाळावर तो जुना व्रण होता.

"तू काही उचलू नोको, बाई," तो म्हणाला आणि मांडवाच्या तोंडाकडं बोट दाखवलं. "ताई तिथं राहे. तू उभी राय."

मी जाऊन उभी राहिले, रिकाम्या हातांनी. तो मिठाची वाटी घेऊन ओळीला लागला. पुढं कुठंतरी वरण सांडलं, आरडाओरडा झाला... त्यानं मान वर करून तिकडं पाहिलंसुद्धा नाही.