ऊन मागणाऱ्या आजी

"ऊन येऊन राहिलं का वो बाई, तुमच्याकडे?"

सकाळी बेल वाजवून कोणी साखर मागतं, कोणी विरजण मागतं. ऊन मागायला आलेली बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. नाकातोंडावरून मफलर, डोक्यावर शाल, अंगात मुलाचं कंपनीतून मिळालेलं जाड जाकीट आणि पायांत मोज्यांवर चपला. दिसत होते ते फक्त डोळे. मी कसब्यात वाढलेली. दारात कोणी आलं की आधी काम विचारायचं आणि मग कडी काढायची, ही आमची रीत. इथे तर कामच ऊन निघालं. वळून पाहिलं तर गॅलरीत खरंच ऊन आलं होतं.

"आलंय," म्हटलं.

"मग बसते जराशी," म्हणाल्या, आणि बसल्यासुद्धा.

हडपसरची आमची सोसायटी तेव्हा नवी होती. एका बाजूला अजून उसाची शेतं आणि दुसऱ्या बाजूला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती. माझी नोकरी संध्याकाळी सुरू होणारी, परदेशातल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची. त्यामुळे दिवस मोकळा असायचा. आजी नागपूरकडच्या. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, दिवसभर बाहेर. त्यांचा फ्लॅट उत्तरेला, त्यामुळे हिवाळाभर तिथे उन्हाचा टिपूस नाही. आणि आजींना फुप्फुसांचा जुना आजार. गार हवा छातीत गेली की श्वास अडायचा. लागोपाठच्या हिवाळ्यांत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं होतं.

"आजी, विडी ओढायचात का हो?" असं कोणी ना कोणी विचारायचंच. लोकांना काय, जिभेला हाड नाही.

"विडी नाही फुंकली बापा," आजी म्हणायच्या. "चूल फुंकली."

नवरा लवकर गेला. मग मुलांच्या एका वसतिगृहात त्यांनी जन्मभर स्वयंपाक केला. पावसात ओली लाकडं, बंद खोली, आणि पंगत वेळेवर बसलीच पाहिजे. त्या चुलीवर त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला.

उघड्यावर, थंडीत, आजी चकार शब्द बोलत नसत. तोंड उघडलं की गार हवा आत जायची. कोणी "काय आजी, बरं आहे ना?" म्हटलं की नुसता हात हलवायच्या. आमच्या सेक्रेटरीकाकांना हा अपमान वाटला. "बाई शिष्ट दिसतात," असा शेरा त्यांनी मारून ठेवला. मग एका दुपारी त्यांच्याच दाराची बेल वाजली आणि आत येऊन, मफलर काढून, आजींनी तोच प्रश्न विचारला. काका म्हणाले, "बसा. मेंटेनन्स वसूल करतो मी, उन्हाचं बिल अजून लावलेलं नाही."

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली.

ऊन कोणाच्या घरात कधी येतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही तरी पाहिलंय का? आजींबरोबर मलाही तो नाद लागला. सकाळी आमची गॅलरी, मग वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली, दुपारी काकांची खिडकी. आणि संध्याकाळच्या आधी एक गंमत व्हायची. समोरच्या काचेच्या इमारतीवर कलतं ऊन पडायचं आणि तिथून उलटून आमच्या पार्किंगमधल्या बाकावर यायचं. बाक तेवढ्यापुरता लख्ख व्हायचा. आजी आधीच तिथे जाऊन बसलेल्या असायच्या. त्यांचा मुलगा त्याच इमारतीत कामाला होता. एकदा घरात आल्यावर म्हणाल्या, "ते ऊन माझ्या पोरानं धाडलेलं असते."

मला जास्त कुतूहल वाटायचं ते त्यांच्या ओठांचं. जिन्यात थांबून ओठांचा चंबू करायच्या आणि हळूच लांब फुंकर सोडायच्या. एकदा न राहवून विचारलं.

"दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलं. म्हणे, आजी, समोर मेणबत्ती आहे समजा. ज्योत हलली पाहिजे, विझायला नको. मी म्हटलं, मला काय शिकवून राहिली तू? निखारा असाच फुलवतात. जोरात फुंकलं तर राख डोळ्यात."

ज्या फुंकण्यानं छाती खराब केली, तेच आता औषध झालं होतं. आजींना याचं हसू यायचं. मला नाही आलं.

त्या हिवाळ्यात मुलाला वर्षभरासाठी अमेरिकेला जायची संधी आली होती. बायको इथेच राहणार होती, पण ती दिवसभर ऑफिसात. आईला परत दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर मी जाणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं होतं. आजींनी ते मनावर घेतलं. "माझ्या छातीपायी पोराचं अडायला नको बाई. एवढी थंडी निभली पाहिजे." गरम पाणी, वाफारा, औषधाचा पंप आणि ऊन, या चौघांच्या खांद्यावर हात ठेवून त्या डिसेंबरातून पार झाल्या.

आणि भोगीच्या सकाळी काकांनी घात केला. प्रेमानं केला, पण घातच. आजींना थंडी सोसत नाही, तर त्यांच्यासाठी झकास शेकोटी करू, असं त्यांच्या मनात आलं. पार्किंगमध्ये त्या बाकाशेजारीच फर्निचरची फुटकी खोकी आणि नारळाची सोडणं पेटवली. सगळे जमले. "आजी, खास तुमच्यासाठी!" काका ओरडले. आजी नुकत्या जिन्यातून बाहेर आल्या होत्या. त्यांनी लांबूनच हात हलवला. रोजच हलवायच्या, तसाच. सगळ्यांना वाटलं, खूश झाल्या. दोघी जणी गेल्या आणि त्यांना दंडाला धरून प्रेमानं शेकोटीशी आणून बसवलं. वारा नेमका त्यांच्याकडे.

मी गॅलरीतून ओरडले, "अहो, धूर! धूर लागतोय त्यांना!" आणि धावत खाली गेले. आजी गुडघ्यांवर हात रोवून पुढे वाकल्या होत्या. ओठ निळसर पडले होते, आणि त्या फुंकत होत्या, फुंकतच होत्या. मुलाला फोन लावायला मी मोबाइल काढला तर माझा हात घट्ट धरून मान हलवली: नको. डोळ्यांत इतकी विनवणी मी कोणाच्या पाहिलेली नाही. पण फोन करावाच लागला.

आजी दवाखान्यातून परत आल्या तोवर मुलानं ऑफिसात नकार कळवला होता. बाहेर त्या बोलत नव्हत्याच, आता घरातही बोलेनात. ताट तसंच परत जायचं.

मग एका रविवारी काका त्यांच्याकडे गेले. मीही होते. हा माणूस पार्किंगच्या रेषेवरून सबंध सोसायटीशी भांडलेला. तो खाली मान घालून मुलाला म्हणाला, "शेकोटी मी पेटवली. शिक्षा यांना कशाला? तू होकार कळव. दिवसा आजींच्या उन्हाचं आम्ही बघतो."

"काका, ऊन ठीक आहे हो. अचानक दम लागला तर?"

"तर माझ्या दाराला बेल आहे. ती यांना माहीत आहे."

आजी कितीतरी दिवसांनी बोलल्या. "ऐक रे बापा. म्हातारा एवढा काकुळतीला येऊन राहिला."

मुलगा गेला. पुढचा अख्खा हिवाळा आजींनी आमच्या घराघरांतून काढला आणि दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. तो परतला त्या दिवशी जाकीट, शाल, मफलर सगळं काढून त्या दारात उभ्या होत्या. मला सख्ख्या आजीचं एवढं कौतुक कधी वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, ध्यानीमनी नसताना, ताप आला आणि दोन दिवसांत आजी गेल्या. थंडीच्या हाती मात्र लागल्या नाहीत.

आमच्या सोसायटीत परत कधी शेकोटी पेटली नाही. डिसेंबर आला. एका सकाळी बेल वाजली. दारात काका उभे होते, कानटोपी हातात चुरगाळत. दुपारी त्यांच्याच खिडकीत हवं तेवढं ऊन येणार होतं, हे मला पाठ होतं.

"आलंय का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आलंय," मी म्हटलं. "बसा."