दाराला टेकवलेला नारळ

मी घर सोडलं तेव्हा अख्खी गल्ली निरोपाला उभी होती. दादा चष्मा पुसत होता, वहिनीच्या हातात कुंकवाची कोयरी होती आणि समोरच्या भाभीनं पदर तोंडाला लावला होता. एखाद्या परक्याला वाटलं असतं, बाई कॅनडाला निघाल्या. मी निघाले होते नगऱ्याला. झाशी शहरातून झाशीच्याच नगरा मोहल्ल्यात! इलाइट चौराह्यावर जाम नसेल, तर डब्यातला भात गरम असेपर्यंत पोचता येतं.

तुमच्यापैकी जे पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापार गेलात, ते हसणार. खुशाल हसा. पण आपले पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर घोड्यांवरून इकडे आले, उतरले ते उतरलेच. तुमच्यासारखं कुणी नोकरीपायी गेलं, कुणी लग्न होऊन गेलं. काहीही कारण नसताना हललेली मी पहिली. वय बावन्न, लग्न केलं नाही, शाळेत शिकवते, मुलांची नाटकं बसवते आणि घरात अजून माझं नाव बेबी.

आई म्हणायची, "आमची बेबी या घरातून जाईल ती वाजतगाजतच." तिचा शब्द खरा झाला. ई-रिक्षावाल्यानं गल्लीतून रिक्षा मागे घेतली आणि तिची पिपाणी सुरू झाली. तेवढ्यात वहिनी ओटी भरायला पुढे आली.

"अगं, ही काय सासरी चाललीय?" दादा म्हणाला.

"रिकाम्या ओटीनं मी कुणाला जाऊ देत नसते," असं म्हणून तिनं माझ्या पदरात तांदूळ, खण आणि नारळ घातला.

दादा माझ्याकडे वळला. "पंधरा दिवसांत परत येशील. तुझ्या खोलीला मी कुलूप लावत नाही."

भांडण झालं नव्हतं. एकदा तरी स्वतःच्या किल्लीनं स्वतःचं दार उघडावं, एवढीच हौस होती. पण ही हौस कुणाला पटत नाही, हे घर बघायला गेले तेव्हाच कळलं होतं. खाली राहणाऱ्या मालकीणबाई, अम्माजी, किल्ल्या कमरेला खोचून बुंदेलीत, लेकीला विचारावं तसं विचारत होत्या, "बिन्नू, अकेली काय रैने तुमें? घर में झगड़ा भओ है का?"

"नहीं तो, अम्माजी."

त्यांचा चेहरा पडला. भांडण नाही, म्हणजे नक्की काहीतरी भयंकर असणार! किल्ल्या हातातून निसटताहेत असं दिसताच मी तिथल्या तिथे एक वहिनी रचली. तूप लपवणारी, माझ्या चहात साखर न घालणारी, माझा पंखा बंद करून जाणारी. पंख्यापाशी मी आवाज जरा कापरा केला. अम्माजींनी डोळे पुसले. "हाय राम, ऐसी भौजी!" आणि किल्ल्या माझ्या हातात आल्या.

घर मात्र थोर निघालं. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात. नळ आधी खोकतो, मग थुंकतो, मग पाणी देतो. छताचे पोपडे निघून एक अनोळखी देश तयार झालाय, पावसाळ्यात त्याच्या सीमा वाढतात. खुर्चीचा एक पाय आखूड. आणि जिन्याकडचं दार कडी घातल्याशिवाय मिटूनच राहत नाही, वाऱ्याची झुळूक आली की सताड उघडतं. म्हणून वहिनीचा नारळ मी फोडला नाही, दाराला टेकवून ठेवला.

दादा दर रविवारी यायचा. वर चढायचा नाही. ई-रिक्षा थांबवून खालूनच हाक मारायचा, "बेबी, चल घरी! हे घर नाही, गोदाम आहे गोदाम!" मी गच्चीवरून हात हलवून हसायची. पण ते 'गोदाम' लागायचं. त्या घरी जेवणाच्या वेळी ताटांचा खणखणाट असायचा, इथे माझं एकच ताट वाजायचं. दादाचं खरं असेल तर मला परत जावं लागणार होतं, आणि उरलेलं आयुष्य "मी म्हटलं नव्हतं?" ऐकावं लागणार होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी जिन्यात आवाज ऐकू आला. मी डोकावले. खाली वहिनी उभी होती, हातात पिशवी. अम्माजींनी झाडू जिन्यात आडवा धरला होता.

"तुम को हो?"

"मैं इनकी भाभी."

"अच्छा! तो तुम हो वा भौजी!"

वहिनीनं वर माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं तिनं माझा चेहरा वाचलाय, तेवढ्यात सगळं समजली. पदर डोक्यावर घेतला, मान खाली घातली. "अम्माजी, माफी माँगने आई हूँ. चार दिन इनकी सेवा करूँगी." आणि डोळ्यांत खरंखुरं पाणी! जन्मभर मी नाटकं बसवली, आणि ही नटी घरात पोळ्या लाटत होती.

वर येऊन दार लोटताच ती माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "तूप लपवते काय गं मी?" आम्ही इतक्या हसलो की तिला खाली बसावं लागलं.

"पण आलीस कशी अचानक?"

"झोपायला," ती म्हणाली. "आई-बाबा गेले, सागर गावातलं माझं माहेरचं घर विकलं, तेव्हापासून मला जायला जागाच नाही गं. दुपारी कुणी हाक मारणार नाही, अशी."

त्या परक्या देशाच्या नकाशाखाली ती पालथी पडून झोपली. मी दाराला नारळ टेकवला आणि खिचडी टाकली. चार दिवस तिनं पाण्याचा पेलासुद्धा उचलला नाही. पडल्या पडल्या चहा मागवायची. अम्माजी मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "जा तो सेवा करवा रई!" म्हणजे, ही तर उलट सेवा करवून घेतेय!

रविवारी दादा आला. सवयीनं ओरडला, "बेबी, चल घ..." आणि थांबला. यावेळी न्यायचं मला नव्हतंच. पहिल्यांदाच तो जिना चढून वर आला.

मी वहिनीला कुंकू लावलं, डब्यातले तांदूळ ओंजळीनं तिच्या पदरात घातले. शास्त्र काय म्हणतं ते मला विचारू नका. नारळ कुठून आणणार? दारापाशीच होता, तो उचलला.

"रिकाम्या ओटीनं मी कुणाला जाऊ देत नसते," मी म्हणाले. वहिनी हसता हसता रडली. यावेळी नाटक नव्हतं.

दादानं आखूड पायाच्या खुर्चीत डुलत चहा घेतला, नळाचं खोकणं ऐकलं, छताकडे पाहिलं. गोदाम म्हणाला नाही. जिना उतरताना मात्र वळून म्हणाला, "बेबी, हिला पुन्हा कधी आणून सोडू?"

तर मंडळी, जिथे आपल्याला परत बोलावतात ते घर, असं मी समजत होते. आता माझ्याकडेही कुणी राहायला येतं, आणि मी ओटी भरून पाठवते. नारळ गेल्यापासून दार सारखं उघडतंय. अम्माजी म्हणतात, सुतार बोलवा. बोलवीन कधीतरी. सध्या दार वाजलं की मी स्वयंपाकघरातून ओरडते, "ये गं, चहा टाकतेय!"

बहुतेक वेळा वाराच असतो. तरी मी पाणी दोन कप ठेवते.