सारख्या अक्षराचा कागद

छपाईबाबूंना एका कागदावर लहान-मोठं अक्षर खपत नसे. आमच्या पाटबंधारे कार्यालयात ते कंत्राटी ऑपरेटर होते, राहणारे नाकाडोंगरीचे. साहेबांच्या सभांसाठी स्लाइड मी तयार करायचो. त्यातल्या मुद्द्यांची आउटलाइन छापून लोकांना वाटायचं काम त्यांचं. माझी अक्षरं कुठे निळ्यावर पांढरी, कुठे तिरकी, कुठे बारीक. छापण्याआधी ते सगळा मजकूर काळा करत, एकाच फॉन्टात, चौदाच्या आकारात.

एकदा मी चिडलो, तर म्हणाले, "पडदा दहा मिनिटांत बंद होते सर. कागद लोकं घरी नेते. मायी माय चष्म्याबिगर वाचू शकली पायजे."

पहिली प्रत ते माझ्यापुढे ठेवत आणि कोपऱ्यात सही घेत.

मग एका गावच्या तलावाच्या खोलीकरणाची सभा आली. फायदे मी ठळक लिहिले. 'काम चालू असताना दोन हंगाम धानाला पाणी मिळणार नाही' ही ओळ साहेबांच्या सांगण्यावरून तळाशी, फिक्या करड्या रंगात, मुंगीएवढी केली. बाबूंनी ती इतर ओळींइतकीच करून छापली. मी न वाचताच सही केली, असं आजवर सांगत आलो. खरं तर वाचली होती. कागद कोण वाचतो, असं वाटलं.

सभेत मागून एक बाई कागद घेऊन उठली. "साहेब, दोन हंगाम पानी नाही म्हन्ता, तं आमी खावाचं काय?"

मागोमाग बाकीचेही कागद घेऊन उठले. सभा मोडली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "मजकूर कोणी बदलला?"

"मजकूर तोच हाये साहेब," बाबू म्हणाले. "वाचता यावा, एवढंच केलं."

साहेब माझ्याकडे वळले. "छापण्याआधी तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

सहीची प्रत बाबूंच्या हातातल्या फाइलीत होती. त्यांनी ती काढली नाही. महिनाअखेर त्यांचं कंत्राट संपवलं गेलं. पुढची सभा नुसत्या पडद्यावर झाली आणि काम मंजूर झालं. दोन हंगाम त्या तलावाच्या पाण्यावरच्या शेतांत धान लागला नाही. मला बढती मिळाली.

मागच्या वर्षी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी विचारलं, "तो सहीचा कागद तुम्ही का दाखवला नाही?"

"दाखवला असता तं साहेबानं तुमालेही ठेवलं नसतं," ते म्हणाले. "मले वाटलं, तुमी राहाल, तं पुढच्या सभेत तरी कागद वाटाल."