उसन्या दिलेल्या मुली

लॅक्रोसची काठी म्हणजे टोकाला जाळीची झोळी लावलेली दांडी. तिच्यात चेंडू झेलायचा, तिच्यातूनच फेकायचा. आमच्या शाळेत हा खेळ शिकवायला लागल्यापासून दर पालकसभेत मी हे सांगत आलेय, आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच, “त्यापेक्षा खो-खो घ्या ना, मॅडम!”

काल हंगामाचा शेवटचा सामना होता. तालुक्यात संघ दोनच. समोरच्या शाळेच्या दोघी आल्या नाहीत, म्हणून नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मी माझ्या दोघी त्यांना दिल्या. त्यांतल्या दहावीतल्या ईश्वरीने जर्सी उलटी करून घातली आणि शेवटच्या मिनिटाला आमच्यावरच गोल केला. आम्ही हरलो. ती धावत माझ्याकडे आली. “मॅडम, रागावलात?”

रागवायलाही अंगात त्राण लागतं. जुन्या खेळांना प्रतिस्पर्धी आयते मिळतात. आम्हाला ते आपल्यातूनच काढून द्यावे लागतात. “छान मारलास,” मी म्हटलं, “आता जर्सी सुलटी कर.”

निघताना पलीकडच्या मॅडमनी हळूच विचारलं, “पुढच्या वर्षी चौघी द्याल का?” मी हो म्हणाले. मग बसमध्ये काठ्या चढवताना लक्षात आलं, ईश्वरीबरोबर आमच्याही निम्म्या मुली यंदा दहावी होऊन शाळेबाहेर पडणार आहेत.