पद्माक्काची पायरी

पद्माक्का बस्तीत कधी गेल्या नाहीत. निपाणीला बदलून आलो त्या पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं. माझ्या भाड्याच्या खोलीची खिडकी जैनांच्या त्या देवळासमोर, बस्तीसमोर, उघडत असे आणि शाळेला निघेपर्यंत मला दुसरा उद्योग नव्हता. रोज सकाळी नऊवारी लुगड्यातली एक काटक विधवा यायची, सर्वांत खालच्या पायरीपाशी थांबायची आणि आतल्या मूर्तीकडे टक लावून उभी राहायची. डोळे मिटायची नाही. मग मूठ बांधून अंगठ्याच्या बाजूने तांदूळ सोडायची. पाच ढीग, एका ओळीत, प्रत्येकाला टोक. ती वळायच्या आत चिमण्या उतरायच्या आणि पाच मिनिटांत पायरी साफ.

मी शाळामास्तर, बेळगावात चार इंग्रजी पुस्तकं वाचून आलेला. देवाबद्दल माझी मतं तयार होती आणि देवळांबद्दल त्याहून जास्त. एक दिवस खाली उतरून मी विचारलं, "तांदूळ देवाला की चिमण्यांना?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही नवं मास्तर न्हवं? देव आत हाय, चिमण्या भाईर हायत. मी बी भाईरच हाय. भाईरच्यांनी भाईरच्यांचं बघाय नगो?"

त्या आत का जात नाहीत, ते शेजाऱ्यांकडून कळलं. पद्माक्का सुईण होत्या. बाळंतपणाला हात लागला की सुवेर, आणि दहा दिवस बस्तीची पायरी चढायची नाही असा रिवाज. त्यांच्या बाबतीत अडचण एवढीच, की दहा दिवस पुरे व्हायच्या आत निपाणीत कुणीतरी जन्माला यायचंच. असे एकामागून एक दहा दिवस जोडले जाऊन तीस वर्षं झाली होती. आत पूजेला बसणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच या जगात आणलं होतं. बस्तीचे कारभारी नेमाण्णा तंबाखूचे मोठे व्यापारी. त्यांनी दारातल्या खांबावर स्वतःचं नाव संगमरवरात कोरून घेतलं होतं, देवाच्या नावापेक्षा बोटभर मोठ्या अक्षरांत. त्यांची चारही मुलं पद्माक्कांच्या हातची. येता-जाता ते त्यांना म्हणत, "आक्का, ह्या खेपेला दहा दिस पाळा की. आत येऊन दर्शन घ्या."

"तुमच्या सुनंला सांगा, दहा दिस दम धर म्हणून," असं आक्कांचं उत्तर असे.

आक्का मराठीत रागवत आणि कानडीत धीर देत. हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे, कारण आमच्या शेजारच्या सुनेचं पहिलं बाळंतपण त्यांनीच केलं. पोरगी भेदरून ओरडत होती. "गप की गं! सारी गल्ली गोळा कराय काय लगीन हाय व्हय?" असा एक आवाज चढायचा आणि लगेच तोच आवाज उतरून म्हणायचा, "अंजब्याड, अंजब्याड." भिऊ नको. त्यावर एक वाक्य हमखास असे. "पैल्यांदा असंच हुतंय." प्रत्येक पहिलटकरणीला त्या हेच सांगत आणि प्रत्येकीला वाटे, आपल्यासाठी खास सांगितलं.

पुढे ओळख वाढली. माझं लग्न होऊन इंदिरा घरात आली, तशी आक्कांची फेरी आमच्या ओसरीवर होऊ लागली. मी एकदा त्यांना छेडलं, "तुमच्या त्या णमोकार मंत्रात नुसते नमस्कारच आहेत. ह्याला नमस्कार, त्याला नमस्कार. मागणं कुठंच नाही. मग मिळतं काय?"

"मागायचंच न्हाई त्यात," त्या म्हणाल्या. "निस्ता माथा लववायचा."

"मग उपयोग?"

"मागितलं की हात कापतोय, मास्तर." त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. सुरकुतलेला, पण दगडासारखा स्थिर. "लेकरू येताना हात कापून चालंल व्हय? नऊ डाव म्हणायचं, सत्तावीस श्वासांत. हात थांबतोय. मग जायचं."

मला हे देवभक्तीपेक्षा प्रकृतिशास्त्र वाटलं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. आक्का म्हणाल्या, "बरं, तसं म्हना. तांदळाचं ढीग तेवढं नीट याय पायजेत."

आक्कांना एकच मूल, सुमती. कोगनोळीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती रिवाजाप्रमाणे आईकडे आली. तिचं पोट पुढे दिसू लागलं तशी आक्कांची चाल बदलली. साऱ्या गावाला ऐकवणारी बाई स्वतःच्या दारात हळू बोलू लागली. दुसऱ्या सुईणीला बोलवा असं शेजारणींनी सुचवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या लेकी माझ्या हातात, आणि माझी लेक दुसऱ्याच्या?"

मुलगा झाला. तासाभरानं सुमती गेली. रक्तस्राव थांबला नाही, एवढंच आम्हाला कळलं. पोर आजीकडे पाहून रडत होतं आणि आजी भिंतीकडे पाहत होती. महिन्याभरानं जावई येऊन बाळाला कोगनोळीला घेऊन गेला. आक्कांनी अडवलं नाही.

त्यानंतर आक्कांनी सुईणपण सोडलं. कुणी बोलवायला आलं तर आतून "न्हाई" एवढाच शब्द येई. बस्तीकडेही त्या फिरकेनाशा झाल्या. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं सुवेर फिटलं होतं, आत जायला त्या मोकळ्या होत्या, आणि नेमक्या तेव्हाच त्यांनी पायरी सोडली. चिमण्या काही दिवस वेळेवर येत राहिल्या. त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

या गोष्टीला सात-आठ महिने झाले असतील. इंदिरेचे दिवस भरले होते. सकाळी कळा सुरू झाल्या, म्हणून दुसऱ्या गल्लीतल्या सुईणीला आणलं. दुपार कलायला लागली तशी ती बाहेर आली, पदराला हात पुसत. "मास्तर, पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हवं. डॉक्टर आणा, न्हाईतर पद्माक्काला आणा." सरकारी डॉक्टर साथीच्या कामाला बाहेरगावी गेले होते, आणि बेळगावचा दवाखाना गाठेपर्यंत इंदिरा टिकली नसती हे मलाही दिसत होतं.

मी पद्माक्कांच्या दारात उभा राहिलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सांगितलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं, आणि हात पुढे केला. तोच हात. बोटं थरथरत होती. टरफलं मांडीवर सांडत होती.

"ह्यो हात घालू व्हय तुमच्या मास्तरीणबाईला?"

मी काहीबाही बोललो. तुमच्याइतकं जाणतं कुणी नाही, वगैरे. त्यांनी मला थांबवलं.

"सुमतीच्या टायमाला मी काय केलं ठावं हाय? पोर सुटलं, रडलं. मग वाकळ उचलून बघायची, ते मी बघितलं न्हाई. तितंच डोळं मिटून बसले आणि पद्मावती देवीला बोलले, माझी लेक नीट ठेव, हिरव्या लुगड्यानं तुझी ओटी भरते. लुगड्याचा काठ कसला, तेबी मनात ठरवलं. जन्मात कवा मागितलं न्हवतं, त्या दिशी मागत बसले. डोळं उघडलं तवा वाकळ भिजून रगत भुईला लागलंतं." मांडीवरची टरफलं झटकत त्या म्हणाल्या, "दुसऱ्याची लेक असती तर माझं डोळं उघडंच असतं."

माझ्याजवळची सगळी पुस्तकं त्या क्षणी निरुपयोगी होती. मी जे बोललो ते विचार करून बोललो नाही. "आक्का, तुम्ही काही मागू नका. मागायचं काम मी करतो. तुम्ही नुसता हात घेऊन चला."

त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही? कुणाला मागणार?"

"ते बघतो मी."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही. त्या जातीचं काहीतरी. त्या उठल्या, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि बाहेर पडल्या. आमच्या घराकडे नव्हे, बस्तीकडे. पलीकडे माझी बायको मरणाच्या दारात, आणि ही बाई देवळासमोर उभी! दातओठ खात मी खिशातलं घड्याळ काढलं.

नेमाण्णा आत मूर्तीवर गडव्यांनी दूध ओतत होते. त्यांनी हाक मारली, "आक्का, आता सुवेर न्हाई तुम्हाला, आत या की!"

"नगो. आत्ताच परत हात लागायचा हाय," आक्का म्हणाल्या, आणि खालच्या पायरीपाशी उभ्या राहिल्या. डोळे उघडे. ओठ हलत नव्हते. श्वास मात्र दिसत होता, आधी तुटक, मग लांब. मी घड्याळाकडे बघायचं विसरलो. मग त्यांनी मूठ पुढे केली. पहिला ढीग पडलाच नाही, पायरीभर तांदूळ उधळले. दुसरा विस्कटला. तिसरा वाकडा झाला. चौथा बसका, पण ढीग म्हणता येईल असा. पाचव्याला टोक आलं. त्या टोकाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं.

"चला, मास्तर."

पुढचा दीड तास मी अंगणात होतो. ठरल्याप्रमाणे मागत होतो. कुणाला ते मला आजही सांगता येणार नाही. आतून आवाज येत होता, "पाय आवळू नगं, येडी हाईस काय?" आणि मग, "अंजब्याड, अंजब्याड." तो आवाज एकदाही कापला नाही.

मूल मेलेलं निघालं. मुलगा होता. इंदिरा वाचली.

आक्का संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसून होत्या, दर थोड्या वेळानं वाकळ उचलून पाहत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले मी पाहिले नाहीत. जाताना त्या दारात थांबल्या. "पोर आधीच गेलंतं. माझ्या हातात उरलं न्हवतं." माझ्या मनात आलं ते वाईट होतं, पण सांगतो: आता ही बाई पुन्हा कधी उभी राहणार नाही. तिची प्रार्थना दुसऱ्यांदा फसली.

सकाळी खिडकी उघडली. पायरीवर पाच ढीग होते. पाचांनाही टोक होतं.

मला ते सहन झालं नाही. मी खाली गेलो, आवाज चढवूनच बोललो. "काल काय मिळालं म्हणून आज पुन्हा?"

"मी काय मागितलंतं?" आक्का शांतपणे म्हणाल्या. "मागितलं असतं तर फसले म्हणाले असते. हात थांबला, मास्तर. तेवढंच पायजे हुतं, आणि ते बी मागितलं न्हवतं." मग त्यांचा आवाज उतरला. "मागत तुम्ही हुतासा. तुमचं लई दुखत असंल."

मी पायरीवर बसलो आणि रडलो. बापानं रडायचं नसतं असा आमच्याकडे समज होता, म्हणून आदल्या दिवशी जमलं नव्हतं. आक्का शेजारी उभ्या राहिल्या. चिमण्या आमची पर्वा न करता आल्या.

त्यानंतर आक्का पुन्हा गावाच्या झाल्या, म्हणजे पुन्हा सुवेरात गेल्या. दोन वर्षांनी माझी मुलगी त्यांच्याच हातावर आली. सुमतीचं नाव त्यांनी माझ्यापाशी परत काढलं नाही. फक्त कोगनोळीहून कुणी आलं की "पोरगं किती वाढलं?" असं विचारत आणि हातानं जमिनीपासून उंची दाखवून घेत.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षी त्यांना दम लागू लागला. उठवेना. मी रोज जाऊन बसायचो. एका सकाळी त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. "मास्तर, तेवढं तांदूळ ठेवून या. काय मागू नगासा."

मी पायरीपाशी उभा राहिलो. मंत्र येत नव्हता, म्हणून सत्तावीस श्वास मोजले. डोळे उघडे ठेवले. मूठ बांधून तांदूळ सोडले. पाचही ढीग विस्कटले. एकालाही टोक आलं नाही.

परत आलो तर त्या माझ्याकडे बघत होत्या. "मागितलंसा न्हवं?"

"होय."

"काय?"

"तुम्हालाच."

त्यांनी डोळे माझ्यावरच ठेवले. "पैल्यांदा असंच हुतंय," त्या म्हणाल्या. मग कानडीत, अगदी हळू, "अंजब्याड."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. कोगनोळीहून नातू आला; मिसरूड फुटलेला, उंच. त्यानंच खांदा दिला. तिरडी बस्तीसमोर क्षणभर थांबवली. मयताबरोबर असलेल्या कुणालाच आत जाता येत नव्हतं. नेमाण्णा, त्यांची चार मुलं, व्यापारी, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, सारा गाव खालच्या पायरीपाशी दाटीवाटीनं उभा राहिला, आणि तिथूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा डबा उघडला. तळाशी मूठभर तांदूळ होते. ते घेऊन पायरीपाशी गेलो, सत्तावीस श्वास मोजले आणि पाच ढीग ठेवले. मागायला काही उरलं नव्हतं. एकही विस्कटला नाही.